अवघड शब्दांची भावकी

किकवीच्या शिवारात महामार्गाचं काम निघालं की रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी उभी राहते. तिच्यावर एक बाण आणि एक शब्द असतो, 'डायव्हर्जन'. कापूरहोळकडून येणारा ट्रकवाला ती पाटी बघून चाक वळवतो, सारोळ्याला दूध घालायला निघालेला मोटारसायकलवाला वळवतो, शाळेतून येणारी पोरंही तिच्यावरून गप्पा मारतात. या शब्दाचा अर्थ कुणी पाठ केलेला नाही. पाटी दिसली आणि गाडी वळली, एवढ्यात अर्थ अंगात मुरला.

त्याच रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माझी पुतणी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत बसते. तिची दोनशे पानी वही मी परवा चाळली. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज पन्नास शब्द पाठ करा, असं तिला क्लासमध्ये सांगितलेलं. तिसऱ्या पानावर 'ॲडव्हर्स म्हणजे प्रतिकूल', अकराव्यावर 'व्हर्सटाइल म्हणजे अष्टपैलू', सतराव्यावर 'कॉन्ट्रोव्हर्सी म्हणजे विवाद', आणखी पुढे 'इनॲडव्हर्टंट म्हणजे अनवधानाने झालेले'. अक्षर मोत्यासारखं. मधूनच एखाद्या शब्दाला लाल गोल, म्हणजे तो पुन्हा पुन्हा विसरला जातो. लाल गोल बरेच होते.

"काका, पाठ होतंय, पण राहत नाय," ती म्हणाली.

मी तिला ते चार शब्द एकाखाली एक लिहायला लावले आणि त्यांच्या वर 'डायव्हर्जन' लिहिलं. या पाचही शब्दांच्या पोटात लॅटिनमधलं एकच क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आहे वळणं, फिरणं. डायव्हर्जन म्हणजे बाजूला वळवणं. जे आपल्याच अंगावर वळून येतं ते ॲडव्हर्स. ज्याला कुठल्याही कामाकडे वळवा, तो तिथे चालतो, म्हणून तो व्हर्सटाइल. दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध तोंडं करून उभी राहिली की कॉन्ट्रोव्हर्सी. मन तिकडे वळलेलं नसताना हातून जे घडतं ते इनॲडव्हर्टंट. वीज गेल्यावर घरात घरघरणारा इन्व्हर्टर याच कुळातला, गाडीचा रिव्हर्स गिअर याच कुळातला, आणि वर्ष फिरून पुन्हा त्याच तारखेवर आलं की साजरी होते ती ॲनिव्हर्सरीसुद्धा.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांची भावकीच आहे की."

मला याहून नेमका शब्द सुचला नसता. भाषाशास्त्रज्ञ याला शब्दकुल म्हणतात, पण गावात भावकी म्हटलं की सगळं समजतं. आडनाव एक, मूळ पुरुष एक, घरं मात्र वेगवेगळ्या आळ्यांत, आणि स्वभाव तर विचारूच नका.

ही भावकी लॅटिनपाशी संपत नाही, आणि मराठी माणसाच्या हाती असलेलं खरं धन तिथेच आहे. लॅटिनमधल्या त्या क्रियापदाचा सख्खा चुलतभाऊ संस्कृतात 'वृत्' हा धातू आहे. वर्तुळ, वर्तन, परिवर्तन, निवृत्ती, वर्तमान हे सगळे त्याचेच. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं येण्यासारखं नाही, त्या एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी तिथे मांडलं. पुढच्या शतकभरात विद्वानांनी ते नियमांनिशी सिद्ध केलं. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते, पण इंग्रजीच्या अभ्यासाला ती क्वचितच जुंपली जाते. मला याचं वाईट वाटतं. आठवीत संस्कृत शिकलेली मुलगी पुढच्याच तासाला 'सर्कम्स्टन्स' हा शब्द घोकते आणि हा आपलाच 'परिस्थिती' आहे हे तिला कुणी सांगत नाही. सर्कम् म्हणजे भोवताली, स्टन्स म्हणजे उभं असणं. परि म्हणजे भोवताली, स्थिती म्हणजे उभं असणं. भोवती जे उभं आहे ते. गणिताच्या तासाला शिकलेली परिमिती आणि इंग्रजी माध्यमातला पेरिमीटर यांत तर परि आणि पेरी, मिती आणि मीटर अशी जोडीच जुळते. अनाम आणि अनॉनिमस शेजारी ठेवून बघा. दोन्हींत आधी नकार आहे आणि मागे नाव आहे.

आता अवघड इंग्रजी शब्द अवघड का असतात, तेही बघायला हवं. इंग्रजीला दोन थर आहेत. खालचा थर घरातला, शेतातला, गोठ्यातला. तो जर्मन वळणाचा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही शतकं दरबार, कचेरी आणि न्यायालय फ्रेंच बोलत राहिलं. विद्या आणि धर्म लॅटिनमध्ये होतेच. त्यामुळे वरचा थर फ्रेंच-लॅटिनचा झाला. दाताला 'टूथ' म्हणायचं, पण दातांच्या डॉक्टरला 'डेंटिस्ट'. पायाला 'फूट', पण पायी चालणाऱ्याला 'पेडेस्ट्रियन'. आपण ज्याला 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' म्हणून घाबरतो, तो बहुतेक हा वरचा थर.

आणि मराठीत तरी दुसरं काय आहे? घरात आपण डोळे म्हणतो, पण शाळेच्या मैदानात शिबिर भरतं ते नेत्रतपासणीचं. दात दुखतो, पण आपण जातो दंतवैद्याकडे, आणि गणपती असतो एकदंत. पायात चप्पल असते, पण देवळाच्या दारातली पाटी सांगते की पादत्राणे येथे काढावीत. बोलायला तद्भव आणि मानाला तत्सम, अशी ही वाटणी मराठी पोर पाचव्या-सहाव्या वर्षीच आत्मसात करतं. इंग्रजी पोराला डेंटल आणि टूथ यांचा संबंध सहजी दिसत नाही. आपल्या पोराला दंत आणि डेंटल यांचा दिसू शकतो, कारण तेही एकच आहेत.

पादत्राणांच्या त्या पाटीवर मला जरा थांबायचं आहे. 'पाद' हाच लॅटिनमध्ये 'पेड'. सायकलचं पेडल हे पायाचं. 'इम्पीड' हा शब्द परीक्षेत हमखास येतो. त्याचा मूळ अर्थ पायाला बेडी अडकवणं. गाईनं पळू नये म्हणून तिच्या गळ्यात लोढणं बांधतात, ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे 'इम्पेडिमेंट' विसरायची सोय राहत नाही. 'एक्स्पिडाइट' त्याच्या उलट: अडकलेला पाय बेडीतून बाहेर काढणं, म्हणून काम लवकर उरकणं. तहसील कचेरीत अडकलेली फाइल एक्स्पिडाइट करायची म्हणजे तिचे पाय सोडवायचे. आणि एखाद्याच्या लेखनाला 'पेडेस्ट्रियन' म्हटलं तर ते लेखन पायी पायी चाललं आहे, त्यात काही झेप नाही, असा अर्थ होतो. हा अर्थ वहीतल्या 'पादचारी' या एका शब्दात मावणार नाही.

आमच्या जुन्या गोठ्यात एक जू अजून खुंटीला टांगलेलं आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही. बाभळीचं लाकूड, मध्ये घासून गुळगुळीत झालेली खाच, दोन टोकांना शिवळांची भोकं. ते मी पुतणीपुढे आणून ठेवलं. जू हा शब्द संस्कृत 'युग'पासून आला. जोडणं या अर्थाचा 'युज्' धातू त्याच्या मुळाशी आहे. योग, युक्त, संयोग हे सगळे तिथलेच. इंग्रजीतला 'योक' हाच. लॅटिनमध्ये त्याचं रूप झालं 'युगुम'. दोन जीव एका जुवाला जोडले की 'कॉन्ज्युगल', म्हणजे वैवाहिक. एखाद्याला जुवाखाली आणलं की 'सब्ज्युगेट', म्हणजे अंकित करणं. हा शब्द नुसती उपमा नाही. इसवी सनापूर्वी ३२१ साली सॅम्नाइट लोकांनी रोमन सैन्याला डोंगरखिंडीत कोंडलं, शरण आणलं, आणि दोन भाले उभे व एक आडवा बांधून केलेल्या जुवाखालून प्रत्येक सैनिकाला वाकून जायला लावलं. मान वाकवून त्या आडव्या भाल्याखालून जाणारी माणसं डोळ्यांपुढे आली की 'सब्ज्युगेट' हा शब्द उरात बसतो. पुतणीनं त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि वहीत शब्दापुढे जुवाचं छोटं चित्र काढलं.

भोर तालुक्यात राहून आणखी एक शब्द सोडून चालणार नाही. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश १६७०च्या दशकात रघुनाथपंतांकडून करवून घेतला. राज्याभिषेकाच्या काळातच पदांची नावं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, आणि सुरनिसाचा सचिव. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांकडे सचिवपद आलं आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरचे राजे पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. हा 'सचिव' शब्द 'सच्' धातूपासून आला. त्याचा अर्थ सोबत असणं, बरोबर जाणं. लॅटिनमधला त्याचा भाऊ म्हणजे मागोमाग जाणं. त्यातून सीक्वेन्स आला, सिनेमाचा सीक्वेल आला, कृत्याच्या मागोमाग येणारा परिणाम म्हणून कॉन्सिक्वेन्स आला. सखा आणि सोशल हेही याच भावकीतले. आणि परीक्षार्थींचा जुना वैरी 'ऑब्सिक्विअस' हाही. वहीत त्याच्यापुढे 'आज्ञाधारक, खुशामती' असं लिहिलेलं होतं. साहेबाच्या मागे मागे करणारा, पुढेपुढे करणारा, असं म्हटलं की झालं. सचिव बरोबरीनं चालतो, ऑब्सिक्विअस माणूस मागे लाळ घोटत चालतो. मूळ एक, पण चालण्याची जागा बदलली की माणूस बदलतो.

इथे सावध करायला हवं, कारण या खेळाची चटक लागते. चटक लागली की माणूस दिसेल त्या दोन शब्दांचं लग्न लावून मोकळा होतो. 'डे' आणि 'दिवस' ऐकायला जवळचे, अर्थही तोच, तरी 'डे'चा दिवसाशी काही संबंध नाही. दिवसाचं नातं आहे ते लॅटिनवाटे आलेल्या 'डायरी'शी. फारसीतून आपल्याकडे आलेला 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' हेही असेच, तोंडवळा सारखा पण रक्ताचं नातं नाही. म्हणून नातं सांगण्याआधी चांगला कोश उघडावा. दुसरी अडचण अशी की मूळ कळलं तरी आजचा अर्थ कळेलच असं नाही. 'टेरिबल' आणि 'टेरिफिक' दोघेही भीतीच्या पोटी जन्मले. एक भयंकर राहिला, दुसरा आज वाहवा म्हणून वापरतात. भावकीतल्या माणसाचं घर सापडलं तरी स्वभाव त्याच्याशी बोलूनच कळतो.

वहीत मला सर्वांत जास्त खटकली ती उजवी बाजू. 'ॲम्बिग्युअस म्हणजे संदिग्ध.' मी विचारलं, संदिग्ध म्हणजे काय? तिला सांगता येईना. एक परका शब्द दुसऱ्या परक्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकून उभा होता आणि पोरगी दोघांनाही पाठ करत होती. पाठांतर टिकत नाही त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. अर्थ आपल्या तोंडातल्या बोलीत उतरला पाहिजे. 'रिलक्टंट'पुढे तिनं 'अनिच्छुक' लिहिलं होतं. मी म्हटलं, पहाटे चारला उसाला पाणी द्यायला उठायचं असलं की तुझे वडील काय म्हणतात? "जिवावर येतंय." मग तेच लिही. 'प्रोक्रॅस्टिनेट'मध्ये 'उद्या' या अर्थाचा लॅटिन शब्द दडला आहे. त्याला 'चालढकल' याहून चांगला शब्द नाही. 'इक्विव्होकल' म्हणजे दोन्हीकडून सारखाच आवाज काढणारं बोलणं, आपल्या भाषेत दोन्ही डगरींवर हात. 'एक्सॅसर्बेट' म्हणजे आगीत तेल. शब्द असा बोलीत उतरवायला मराठीही चांगली यावी लागते, आणि हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं, ते बरंच झालं. पण ज्या पोराला 'जिवावर येणं' आणि 'नको असणं' यांतला फरक जाणवतो, त्यालाच 'रिलक्टंट' आणि 'अनविलिंग' यांतला फरक लवकर जाणवेल.

मोल्सवर्थचा कोश या बाबतीत आजही गुरू आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. कँडी बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळी यांना घेऊन त्यानं मराठी शब्द गोळा केले. मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, वाढवलेली दुसरी १८५७ साली. मध्ये १८४७ साली इंग्रजी-मराठी कोशही झाला. मराठी-इंग्रजी कोश नुसता प्रतिशब्द देऊन थांबत नाही. शब्द कुठे वापरतात, कुठल्या म्हणीत येतो, शेतकरी कुठल्या अर्थानं म्हणतो आणि शास्त्री कुठल्या, हे तो सांगत राहतो. बाबा पदमनजींनी पुढे त्याचा संक्षेप केला. आज मूळ कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतो, किकवीच्या एस.टी. थांब्यावर बसूनसुद्धा. इंग्रज माणसानं मराठी शब्दाशी कसं नातं जोडलं हे त्यात दिसतं. तेच आपल्याला उलट दिशेनं करायचं आहे.

किती शब्द लागतात, हा प्रश्न प्रत्येक परीक्षार्थी विचारतो. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी केली. तीत फक्त ५७० कुळं आहेत. कुळं, सुटे शब्द नव्हेत. तिथलेच पॉल नेशन यांच्या हिशेबानं वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार कुळं लागतात. हा आकडा मोठा वाटतो, पण त्यातली पहिली दोन-तीन हजार दहावीपर्यंत कानावरून गेलेली असतात. रोज पन्नास सुटे शब्द घोकण्यापेक्षा रोज एक कुळ धरावं. एका 'वळण्या'त दहा-बारा शब्द येतात.

उरला विसरण्याचा प्रश्न. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती उरली ते मोजायचा. १८८५ साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्याच दिवशी होतो, नंतर वेग मंदावतो. म्हणून आज वाचलेलं उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं बघितलं की ते टिकतं. एका रात्रीत दहादा घोकलेलं टिकत नाही. आपल्याकडे पाढ्यांच्या पुस्तकाला उजळणी म्हणायचे. घासून पुन्हा उजळ करणं, तांब्याच्या हंड्यासारखं. हंडा रोज थोडा घासतात, वर्षातून एकदा दिवसभर घासत बसत नाहीत. आणि बघायचं तेही उजवी बाजू झाकून, स्वतःला विचारून. नुसती नजर फिरवली तर ओळख वाटते, पण वेळेला शब्द येत नाही.

शब्द एकटा शिकू नये, त्याची संगतही शिकावी. 'ॲडव्हर्स' हवामानाला लागतो, परिणामाला लागतो. माणसाला लावला तर कानाला खटकतो. जसं आपण 'घनघोर' पाऊस म्हणतो, 'घनघोर' युद्ध म्हणतो, पण 'घनघोर' जेवण म्हणत नाही. हे नियम कुठल्या वहीत सापडत नाहीत, वाचनातच सापडतात. म्हणून पुतणीला मी सांगितलं की शब्दापुढे अर्थ नसला तरी चालेल, पण तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य हवंच.

महिन्यानं ती वही पुन्हा बघितली. मधली उभी रेघ गेली होती. प्रत्येक पानावर मध्ये एक मूळ आणि भोवती फांद्या. एका पानावर मध्ये 'वाच्' आणि भोवती व्होकल, ॲडव्होकेट, प्रोव्होक, इरिव्होकेबल. शेवटी अगदी कोपऱ्यात तिनं स्वतः जोडलेला 'व्होकॅब्युलरी'. त्याच्यापुढे बाण काढून लिहिलं होतं, 'वाचा'.

पहिलं पान अर्थातच वळण्याचं होतं. मी ते बघत असताना फलटणकडून तिच्या मामांचा फोन आला. नीरेच्या कालव्याला पाणी आलं होतं, ते मोठ्यानं सांगत होते, "आवर्तन सुटलं गं!" तिनं हो हो म्हटलं, फोन ठेवला, पेन उचललं, मग थांबली.

"काका, आवर्तन पण वृत्मधलंच ना?"

मी मान हलवली. 'व्हर्जन'च्या शेजारी जागा नव्हती, म्हणून तिनं समासात उभं लिहिलं.